आजीची बाज आणि घरभर कापूस

दसरा तोंडावर आला की आमच्या घरात सगळ्यात आधी हलते ती आजीची बाज. वर्षभर ती बैठकीत असते, खिडकीला लागून, म्हणजे रस्त्याने कोण आलं कोण गेलं ते आजीला पडल्यापडल्या दिसतं आणि कोणाच्या घरी किती वाजता दूध आलं हेपण तिला माहीत असतं. पण आश्विन लागला की बाबा एक दिवस कोणाला काही न सांगता बाजेचं एक टोक धरतात, दुसरं मी नाहीतर आई, आणि बाज बाहेर सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत. आजी दरवर्षी एकच बोलते, "निघाली व माय माही वरात."

त्या दिवसापासून घर आमचं राहत नाही. मालाचं होतं. वर्धा जिल्ह्यातलं गाव, जुनं कवेलूचं घर, मागे सांदवाडी, बाजूला ढोरांचा कोठा, समोर आंगण, आणि दोनच मोठ्या खोल्या. सोयाबीन 3 एकर, कपाशी 4 एकर, मधामधात तुरीच्या ओळी. माल काही एकदम येत नाही, पण आश्विनापासून जो यायला लागतो तो येतच राहतो आणि माणसं हळूहळू बाहेर सरकत जातात. आधी आजी, मग बाबा, मग मी आणि माझा लॅपटॉप. आई तेवढी स्वयंपाकघरातून हलत नाही, तिथेही तिच्या पायाशी बियाण्याच्या तुरीचं एक पोतं असतंच म्हणा.

मी नोकरीला नागपूरला, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर शक्यतो गावी येऊनच काम करते. कोरोनात ही सवय लागली ती लागलीच. ऑफिसमधले लोक म्हणतात वा, शरद ऋतू, गाव, चांदणं, मजा आहे बुवा तुझी. आता शरद हा शब्द मी आमच्या गावात कोणाच्या तोंडून आजपर्यंत ऐकला नाही. आमच्याकडे सोंगणीचे, म्हणजे कापणीचे, दिवस असतात, मग वेचणीचे दिवस असतात, त्याच्या मधे कुठेतरी दिवाळी येऊन जाते. आणि चांदणं असतं हे खरं, पण दुपार कोणी सांगत नाही. पाऊस गेलेला, आभाळ धुतल्यासारखं मोकळं, त्यामुळे ऊन सरळ अंगावर, आणि जमिनीत अजून ओल असते म्हणून खालून वाफ. वरून भट्टी आणि खालून वाफारा, मधात माणूस. मे महिन्यात 45 च्या वर पारा गेला तरी आमचे लोक एवढी कुरकुर करत नाहीत जेवढी ऑक्टोबरात करतात, कारण उन्हाळ्यात निदान वावरात काम नसतं. आणि गावात घरटी एक जण तापाने पडलेला. संस्कृतात म्हणे वैद्यांची आई शरद ऋतू असं एक वचन आहे. आमच्या गावच्या डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर ऑक्टोबरात जेवढ्या चपला असतात ना, तेवढ्या देवळाबाहेर नवरात्रातही नसतात.

तर आधी येतं सोयाबीन.

सोयाबीन सोंगायला आलं की बाबांची मान खाली येत नाही. सतत वर. सकाळी दात घासताना वर, चहा पिताना वर, रात्री लघवीला उठले तरी वर. परतीचा पाऊस हा मोठा बेइमान पाऊस आहे, जूनमध्ये हातापाया पडून येत नाही आणि ऑक्टोबरात नको म्हटलं तर दुपारी 4 वाजता उत्तरेकडून काळंशार आभाळ घेऊन हजर. कापून ठेवलेल्या सोयाबीनवर दोन दिवस पाणी लागलं की शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटतात. एका वर्षी आमच्या गंजीला असे कोंब आले होते, दुरून हिरवळ छान दिसत होती, फोटो काढावा अशी. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवे बसून ती हिरवळ बघत होते आणि मी मूर्खासारखा फोटो काढलासुद्धा. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, डिलीट करायचं धाडस होत नाही आणि कोणाला दाखवायचंही.

सोंगणीला माणसं मिळणं हा वेगळा विषय आहे. दसऱ्याच्या आजूबाजूला तर दोन-तीन दिवस कामच बंद, कारण अर्धे मजूर नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा दिली तो दिवस दसऱ्याचाच होता, तेव्हापासून दसऱ्याला जायचं म्हणजे जायचं. आमच्याकडे सोंगायला येणाऱ्या एक मावशी आहेत, साठी उलटली असेल, त्या दरवर्षी जातात, पांढरी साडी नेसून, पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून. येताना पुस्तकं घेऊन येतात, स्वतःला वाचता येत नाही पण नातवासाठी. बाबा आधी कुरकुर करायचे की बाई, आभाळ भरून राहिलं अन् तुम्ही चालल्या. मावशी म्हणाल्या, "भाऊ, सोयाबीन दरसाल येते, भिजते, सुकते. मी किती साल जाईन?" आता बाबाच त्यांना स्टँडवर सोडून देतात.

सोंगलं की गंजी, गंजीवर ताडपत्री, मग हडंब्याची, म्हणजे मळणीयंत्राची, वाट बघणं. गावात हडंबे दोन आणि वावरं शंभर. ज्याच्याकडे हडंबा त्याला या 15 दिवसांत जो मान मिळतो तो सरपंचाला मिळत नाही, लोक त्याला रस्त्यात थांबवून तब्येत विचारतात. मग एक दिवस रात्री 9 वाजता निरोप येतो की आता तुमचा नंबर, आणि सगळं घर तसंच अर्धं जेवण टाकून वावरात. ट्रॅक्टरच्या लाईटात उडणारं ते कुटार, म्हणजे भुसा, तो आवाज, अंगावर चिकटणारी कुसं, नाकात गेली की तीन दिवस शिंका. कुटार ढोरांना होतं म्हणून तेपण भरून आणायचं. आणि मग पोती बैठकीत, जिथे आजीची बाज होती बरोब्बर तिथे. एकावर एक, छताच्या फाट्यांपर्यंत. बैठकीचा पंखा बंद करावा लागतो कारण वरची पोती पात्याला लागतात. तेव्हा कळतं की बाज का काढली होती.

2024 च्या दिवाळीची गोष्ट सांगते. सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये आणि दाराशी येणारा व्यापारी 4 हजाराच्या थोडं पुढे जायला तयार नाही, माल ओला आहे म्हणे. आता ओला म्हणजे किती, तर 12 टक्क्यांच्या वर ओलावा नको. मग पोती पुन्हा बाहेर काढायची, आंगणात पसरायची, आंगण पुरलं नाही की गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर, दगड लावून, अर्धा रस्ता आमचा आणि अर्धा गाड्यांचा. संध्याकाळी गोळा करून परत आत, कारण रात्री दव. सकाळी परत बाहेर. असं 5 दिवस. घरात येणारंजाणारं सोयाबीन बघून आजी सपरीतून म्हणाली, "एवढं त तुह्या आत्याले सासरी पोचवा-आणायले नाही केलं आम्ही."

बरं, या सगळ्यात सण थांबतात का, तर नाही. लहानपणी भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई असायच्या, मातीच्या भुलाबाई-भुलोजी, रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची. खिरापत झाकून आणायची आणि डबा वाजवून विचारायचं, गोड की तिखट, कोरडं की ओलं. आमच्या आईची खिरापत कोणालाच ओळखू यायची नाही कारण ती मुद्दाम काहीतरी भलतंच करायची, एकदा तर शिजवलेल्या मुगाच्या शेंगा. आता भुलाबाई बसवणारी घरं गावात 3-4 उरली, पोरींना क्लास असतो. कोजागिरीचं दूध मात्र होतं. गच्चीवर नाही, आम्हाला गच्ची कुठली, आंगणातच चुलीवर, ताडपत्रीखालच्या पोत्यांच्या मधोमध जागा करून. आणि कोजागिरीनंतर चार-पाच दिवसांनी तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. त्यांचा आश्रम आहे त्या मोझरीला लाखो लोक जमतात, पण आमच्यासारखे जे जात नाहीत तेपण 4 वाजून 58 मिनिटांनी असतील तिथे दोन मिनिटं गप्प उभे राहतात, ती महाराजांच्या जाण्याची वेळ, 1968 सालची. एकदा मी वावरात होते. सोंगणाऱ्या बायांनी विळे खाली ठेवले, शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर बंद झाला, त्याच्या पलीकडचा बंद झाला, आणि एकदम एवढं शांत झालं की वाळलेल्या शेंगा उन्हाने तडकल्याचा आवाज यायला लागला. टिक. टिक. ते ऐकून पहिल्यांदा बाबाच बोलले, दोन मिनिटं पूर्ण व्हायच्या आतच, "उद्या सोंगणं झालंच पाहिजे, फुटून राहिलं."

मग कापूस.

पहिल्या वेचणीच्या आधी आई वावरात सीतादही करते. कपाशीच्या एका झाडाजवळ दगड मांडायचे, हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, झाडाला कापसाचा धागा. आईला विचारलं का करतात तर म्हणते आत्याबाई, म्हणजे आजी, करायच्या, आजीला विचारलं तर म्हणते सासू करायची. दहीभात पांढरा तसा कापूस पांढरा पिकू दे, असंच काहीतरी असावं. नैवेद्याचा उरलेला दहीभात धुऱ्यावर बसून खाल्ला ना, त्या चवीला कुठल्या हॉटेलात तोड नाही, हे मी भावनेत नाही सांगत, त्यात आई हिरवी मिरची तळून टाकते म्हणून.

वेचणीत एक गंमत आहे जी पुस्तकात नाही सापडायची. या दिवसांत पहाटे भरपूर दव पडतं, बोंडातला कापूस ओलसर होतो. मजुरी किलोवर, आमच्याकडे 2024 ला 10 रुपये किलो होती. म्हणजे ओला कापूस जड, तो वेचणाऱ्या बाईच्या फायद्याचा, म्हणून बाया म्हणणार आम्ही 7 वाजता येतो. आणि मालकाला कोरडा पाहिजे, ओला कापूस घरात ठेवला तर पिवळा पडतो आणि खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, 12 च्या वर गेला तर घेतच नाहीत, म्हणून बाबा म्हणणार 10 ला या. दोघांनाही माहीत असतं की समोरचा का म्हणून राहिला, पण दवाचं नाव कोणी घेत नाही. बाया म्हणतात दुपारचं ऊन लागते भाऊ. बाबा म्हणतात सकाळी साप राहते बाई. साडेआठला तडजोड होते. दरवर्षी साडेआठलाच होते तरी दरवर्षी हा संवाद होतोच.

कमरेला फडक्याची ओटी बांधून बाया ओळीने पुढे जातात, दोन्ही हात चालू, तोंड त्याहून जास्त चालू. पक्की वेचणारी दिवसाला 40 किलोपर्यंत जाते. मी एकदा इरेला पेटून पूर्ण दिवस वेचला, 11 किलो भरला, आणि बोंडाच्या टोकांनी बोटांची नखं सोलून निघाली, दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर टाईप करता येईना. मावशींनी माझे 11 किलो बघून फक्त "राहू दे बाई" एवढंच म्हटलं.

फवारणीचे दिवसही हेच असतात. 2017 साली याच महिन्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले. कपाशी त्या साली माणसाएवढी वाढलेली, दमट उकाडा, औषध तोंडावरच येत होतं. तेव्हापासून बाबा फवारायला गेले की आजी सपरीत बसून त्यांची वाट बघते, ते आले की आधी आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, आणि मग ती त्यांना जवळ बोलावून तोंडाचा वास घेते. 58 वर्षांचा माणूस, तोंड पुढे करून उभा राहतो.

कापूस घरात येतो तो दुसऱ्या खोलीत, जिथे मी झोपते. 30 क्विंटल कापूस सुटा टाकला तर आमची ती खोली जमिनीपासून छतापर्यंत भरते, बरोब्बर, जणू मोजूनच बांधली. लहानपणी आम्ही भावंडं त्यावर उड्या मारायचो, आत बोगदे करायचो, मार खायचो. अर्धी खोली भरली असेल तोवर मी त्यावरच चादर टाकून झोपते. सरकीचा एक तेलकट, उबदार वास असतो त्याला, पहिले दोन दिवस जाणवतो मग आपल्यालाच लागतो. आणि ऊब, बापरे. नोव्हेंबरात रात्री थंडी सुटते, पण त्या खोलीत पांघरूण लागत नाही. मांजरीला हे आमच्या आधीपासून माहीत आहे, ती दर दोन वर्षांनी त्यातच पिल्लं घालते. एकदा व्यापारी गाडी घेऊन दारात आणि बाबा म्हणतात या बाजूचा कोपरा राहू द्या, तिथे बाळंतीण आहे. गाडीवरचा हमाल खरंच दबकून बाहेर थांबला बिचारा.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या मागे पांढरा डोंगर बघून कोणीतरी विचारलं होतं की हे बॅकग्राउंड कुठून डाउनलोड केलं. मी म्हटलं पेरलं होतं.

पण हा कापूस घरात किती दिवस राहायचा, यावर आमच्या घराचं वर्ष ठरतं. 2022 च्या सुरुवातीला भाव क्विंटलला 10 हजाराच्या वर गेला होता. आम्ही दिवाळीनंतर लगेच विकून मोकळे झालेलो, नंतर विकणाऱ्यांची चांदी झाली, त्यांनी मोटरसायकली घेतल्या आणि आमच्या घरात आई-बाबांचं दोन महिने नीट बोलणं नव्हतं. म्हणून पुढच्या हंगामात आख्ख्या गावाने ठरवलं, कापूस विकायला काढायचाच नाही. कोणीच काढला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, भाव चढायचं सोडून उतरायला लागला, होळी गेली. घराघरात कापूस, माणसं सपरीत. आणि उन्हाळा लागला तशी खाज सुटली. घरातल्या सगळ्यांना, अंगावर लाल पुरळ, रात्रभर खाजवणं. घरोघरी तेच, डॉक्टरच्या दाराशी परत चपला. तो म्हणायचा कापूस विका, लोक म्हणायचे आधी मलम द्या.

त्याच साली, फेब्रुवारीत, मला बघायला पाव्हणे आले. बैठकीत सोयाबीन, खोलीत कापूस, त्यांना बसवायचं कुठे? आईने सपरीत आजीच्या बाजेवर नवी चादर टाकली, शेजारून खुर्च्या आणल्या. मी पोहे घेऊन आले तर मुलाचे वडील जागेवर नाहीत. ते खोलीच्या दारात उभे राहून कापसाचा पुंजका हातात घेऊन दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धागा किती लांब निघतो ते बघत होते. मग बाबा उठले, मग मुलाचे मामा उठले. दीड तास ते तिघं त्या दारातच. ठेवावा की विकावा, सरकीचे भाव, ढेपेचे भाव, बाहेरून आयात होते म्हणून पडला का, यांच्याकडे किती आहे त्यांच्याकडे किती. मुलगा आणि मी पोहे खाऊन, चहा पिऊन, हवामानावर बोलून बसलो. ते स्थळ काही जमलं नाही, पत्रिकेत काहीतरी निघालं. पण ते काका अजून दर दिवाळीला बाबांना फोन करतात, "काढला का?"

तो कापूस शेवटी जूनमध्ये गेला, पेरणीला पैसे पाहिजेत म्हणून, 7 हजाराच्या खालीवर. पिवळसर पडलेला, आणि वाळून वजन दीड क्विंटल कमी भरलं. भरलेली गाडी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बाबा बघत होते. मग म्हणाले, खोली झाडून घ्या.

म्हणून 2024 ला घरात मोठी चर्चा. हमीभाव लांब धाग्याला 7521, बाहेर त्याच्या खाली. निवडणूक 20 नोव्हेंबरला, तेव्हा गावात दिवसभर प्रचाराचे भोंगे, प्रत्येक भोंग्यात कापूस आणि सोयाबीन. आई म्हणे विका, मी म्हणे विका, बाबा गप्प. रात्री हरभऱ्याला ओलीत करायला जायचे, लाईट त्या आठवड्यात रात्रीचीच होती, पहाटे 4 ला चिखलाचे पाय घेऊन यायचे आणि खोलीच्या दारात उभे राहून ढिगाकडे बघायचे. एका पहाटे मला जाग आली, मी कापसावरच झोपलेली. मला म्हणाले, उठ, उद्यापासून सपरीत झोप, गाडी सांगितली.

हमीभावाच्या खरेदीत नाव नोंदवलं, ओलावा साडेनऊ आला, तेवढे पैसे कापले. ठीक आहे. दोन दिवसांत खोली रिकामी. बैठकीतलं सोयाबीनही त्याच आठवड्यात गेलं. आईने दोन्ही खोल्या झाडल्या, कोपऱ्यात, फटीत, पंख्यावर, देवाच्या फोटोमागे, सगळीकडे कापसाचे पुंजके, ते सगळे गोळा करून तिने वातींच्या डब्यात भरले. घर एकदम मोठं दिसायला लागलं, बोललं तर आवाज घुमायचा. मांजर रिकाम्या खोलीत जाऊन चारी भिंतींना फिरून आली आणि दाराशी बसून ओरडायला लागली.

रात्री चांगली थंडी होती. बाबांनी आजीच्या बाजेचं टोक धरलं, दुसरं मी. म्हणाले, "चाल माय, आता अंदर. जागा झाली."

आजीने गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "कापूस होता तवा नाही नेलं," म्हणाली, "आता त्या थंड्या खोलीत मी काय करू?"

बाबा थोडा वेळ बाज धरून तसेच उभे राहिले. मग टोक खाली ठेवलं, आत गेले, आणि सोयाबीनची रिकामी पोती आणून सपरीच्या वाऱ्याच्या बाजूने बांधायला लागले.